खंड्या

छत्रपती शाहू महाराजांचा (१६८२–१७४९) लाडका कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी परंपरा आहे. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे. त्याच्या मते, या कुत्र्याला महाराजांनी जहागीर व पालखीचा मान दिला. एकदा महाराजांनी कुत्र्याला भरजरी वस्त्रे आणि जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः पुन्हा कधीच ती घातली नाही.  साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावरील संगम माहुलीस खंड्याची समाधी आहे. शाहू महाराजांची समाधीही तेथेच आहे.