काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची ट्यूब: काय होता 'होशंगाबाद विज्ञान' प्रयोग?

कॉलेजचे विद्यार्थी खेड्यात जाऊन मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवतात, असे उपक्रम आज अनेक विकसनशील देशांत चालतात. पण स्वयंसेवक परत गेल्यावर काय? या प्रश्नाचं एक उत्तर मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्याने ३० वर्षं शोधलं.

सुरुवात कशी झाली?

१९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी हा कार्यक्रम सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि विद्यार्थी मदतीला आले. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा सांभाळली.

वर्गात काय व्हायचं?

मुलं चार-चारच्या गटात बसून स्वतः प्रयोग करायची, नोंदी ठेवायची आणि चर्चेतून निष्कर्ष काढायची. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात तयार उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त असायचे. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती, कारण तपासायचं होतं ते पाठांतर नाही, तर विचार. प्रात्यक्षिक परीक्षाही व्हायची.

काड्यांचं काय?

आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भौमितिक आकार बनवले. तुम्हीही करून बघा: काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलांना हाताने कळतं.

स्वयंसेवक गेल्यावर?

या कार्यक्रमाचा खरा भर शिक्षकांवर होता. सुट्टीतल्या प्रशिक्षणात गावातले शिक्षक मुलांसारखेच गटात बसून प्रयोग करायचे. वर्षभर बैठका घेऊन त्यांच्या अडचणी सोडवल्या जायच्या. पाहुणे आपापल्या गावी परतले, तरी शाळेत शिकवणारा माणूस तयार असायचा.

मग तो थांबला का?

सरकारी शाळांमध्ये चालल्यामुळेच तो सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. पण त्यामुळेच तो सरकारच्या निर्णयावर अवलंबूनही होता. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, तरी निर्णय बदलला नाही.

आज काय उरलंय?

'एकलव्य'ची पुस्तकं आजही निघतात. गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याची त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतूनही.