सुई कुठे चालवावी?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या गावांत, लाल चौकड्यांचे लुगडे रोजच्या वापरातून जवळजवळ गेले आहे. जुन्या पिढीतल्या काही ख्रिस्ती बायका सोडल्या तर ते दिसते ते लग्नसमारंभात आणि कुपारी या इथल्या ख्रिस्ती समाजाच्या महोत्सवासारख्या कार्यक्रमांच्या मंचावर. तिथेही ते बऱ्याचदा शिवून तयार केलेले असते: निऱ्या पक्क्या, कमरेला नाडी किंवा इलास्टिक, काष्टा आधीच जोडलेला. बाजारात मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीचीच ही वसईतली बहीण, आणि ती अनेकदा घरच्या मशीनवर बेतली जाते. मग हे खरे की नाटकी, असा वाद होतो. एका बाजूला परंपरा बुडाल्याची हळहळ, दुसऱ्या बाजूला सोयीचा मुद्दा. मला वाटते, दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. या भागातल्या बायकांच्या पोशाखात शिवलेला आणि न शिवलेला असे दोन भाग निदान तीन-चारशे वर्षे शेजारी नांदत आले. काळाने आपली खूण उमटवली ती मुख्यतः शिवलेल्या भागावर. इतिहासाला धरून पोशाख करू पाहणाऱ्या घरच्या शिवणकर्तीने सुई चालवायची ती तिथे. लुगड्याला कात्री लावायचे कारण नाही.

हा पोशाख ‘पोर्तुगीज काळातला’ असे सर्रास म्हटले जाते. वसई पोर्तुगीजांकडे 1534 साली गेली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती घेतली, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ इथे त्यांचा अंमल होता. पण तेवढ्यावरून पोशाख त्यांनी घडवला असे ठरत नाही. उलट बाजूचा एक पुरावा फार बोलका आहे. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात गोव्याच्या इन्क्विझिशनचा 1736 चा जाहीरनामा चर्चेला घेतला आहे. त्यात इतर अनेक चालीरीतींबरोबर ख्रिस्ती पुरुषांनी हिंदूंसारखे पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये, बायकांनी हिंदूंसारखी चोळी घालू नये, अशी बंदी आहे. जी गोष्ट कोणी करतच नाही तिच्यावर बंदी घालायला कोणी बसत नाही. म्हणजे धर्मांतराला दोन शतके होत आली तरी गोव्यात जुने नेसणे टिकून होते. हा हुकूम गोव्यापुरता, त्यावरून वसईबद्दल काय सांगणार, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढची हकीगत दोन्हीकडची ताडून पाहता येते. गोव्यात पोर्तुगीज 1961 पर्यंत राहिले; तिथे वरच्या थरांतल्या ख्रिस्ती बायकांत पानो-बाजू रुळला आणि पुढे युरोपीय झगा आला. वसईत जाहीरनाम्यानंतर तीनच वर्षांनी सत्ता गेली, पोर्तुगीज सरदार-जमीनदार निघून गेले, ख्रिस्ती शेतकरी मात्र इथेच राहिले. त्यांच्या बायकांनी शेजारच्या वाडवळ, आगरी, कोळी बायकांप्रमाणेच लुगडे नेसणे चालू ठेवले. आणि गोव्याचा पानो-बाजू तरी काय? खाली गुंडाळलेले कापड, वर शिवलेली सैलसर बंडी. तिथेही शिवण वरच्याच अंगाला होती.

या वरच्या अंगात मात्र बदलांची रीघ लागली. जुनी चोळी हाताने शिवलेली, पुढे गाठ मारायची, काखेत तिकोनी तुकडा घालून हाताला मोकळीक दिलेली. तिला टक्स नव्हते. आकार यायचा तो तुकड्यांच्या जोडणीतून. मग तीन गोष्टी जवळजवळ एकाच पिढीत आल्या. सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट 1851 साली घेतले, मुंबईत कावसजी दावरांची कापडगिरणी 1854 च्या सुमारास उभी राहू लागली, आणि 1867 साली विरारहून मुंबईला रेल्वेगाडी सुरू झाली. भाजी, केळी, फुले घेऊन मुंबईला जाणाऱ्या वसईकरांच्या हाताशी गिरणीचे कापड, तयार लेस आणि शहरातल्या बायकांच्या पेहरावाचे नमुने आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लांब बाहीचे, बटणांचे पोलके महाराष्ट्रात पसरले. पुढे 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने उषा मशीन बाजारात आणली आणि देशी यंत्रही मिळू लागले. म्हणून ‘जुने’ शिवायचे तर आधी कोणत्या काळचे ते ठरवावे. 1860 च्या आधीचे हवे असेल तर मशीन बंद ठेवून धावदोरा आणि उलटी टीप घालावी, पुढे गाठ ठेवावी. 1930 चे हवे तर मशीनची टीप, समोर बटणे, काजे, कोपराखाली जाणारी बाही. कटोरी ब्लाऊज, पाठीचा खोल गळा, लटकन, जरीची पायपिंग हे सगळे सुंदर दिसते, पण ते आजचे आहे. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चसमोर लग्नाआधीचे फोटो काढताना अंगात असते ते ‘पेशवाई’ नावाचे जांभळे रेशीम, आणि ते घातलेले असते बहुधा चेन लावून. चिमाजी अप्पांना ती चेन ओळखताही आली नसती.

आता लुगड्याचा प्रश्न. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास अखंड कापड. त्याला माप नसते. बारीक मुलगी आणि बाळंतीण दोघींना तेच पुरते, फक्त निऱ्या आणि काष्टा कमीजास्त होतो. आईचे लुगडे लेकीकडे जाते, विरले की त्याची गोधडी होते, उरलेल्या मऊ तुकड्यांची दुपटी, झबली. हा सगळा हिशेब कापड अखंड आहे यावर उभा आहे. कापून शिवलेले लुगडे एका मापाचे होते. दोन वर्षांनी ते कमरेला बसत नाही आणि मग तीन-तीन मीटरचे तुकडे उरतात, ज्यांचे धड लुगडे होत नाही. परंपरा नेहमीच बदलत आली, मग हाही एक बदल समजा, असे कोणी म्हणेल. बदलाबद्दल माझी तक्रार नाही. पण चोळीचे पोलके झाले तेव्हा जुनी चोळी नष्ट करावी लागली नव्हती. इथे नव्या सोयीसाठी जुनी वस्तूच कापली जाते, आणि अनेकदा ती आजीच्या पेटीतली असते, ज्या विणीचे कापड आता सहज मिळत नाही.

राहिला सोयीचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. शाळेच्या कार्यक्रमात दहा मुलींना अर्ध्या तासात तयार करायचे तर प्रत्येकीला नेसवत बसणे शक्य नसते. नेसवणाऱ्या हातांचीही वानवा आहे. त्यावर शिवणातलाच उपाय आहे. मांजरपाटाचा वेगळा कंबरपट्टा शिवून त्यात नाडी ओवावी, लुगडे न कापता निऱ्या घालून त्या पट्ट्याला हाताने, मोठ्या टाक्यांनी जोडाव्यात, आणि काष्ट्याचे टोक मागे टिचबटणांनी अडकवावे. नवे सुती कापड असेल तर आधी भिजवून वाळवावे, कारण ते आटते आणि लाल रंग बाकीच्या कपड्यांना लागतो. लहान मुलींसाठी आजीच्या लुगड्याला हात न लावता बाजारातले चौकड्यांचे कापड घ्यावे. ते खुशाल कापावे. मोठीच्या लुगड्याचे टाके मात्र कार्यक्रम झाला की दहा मिनिटांत उसवता येतात, आणि पुढच्या वेळी तेच नऊ वार दुसऱ्या मापाच्या बाईला लावता येतात.