नापासाचे खापर कुणाच्या माथी?

मूल नापास झाले की चारचौघांत पहिला प्रश्न निघतो तो हा, की दोष कुणाचा? बाप म्हणतो, मास्तर शिकवीत नाहीत. मास्तर म्हणतात, घरी कुणी अभ्यास घेत नाही, सुगी आली की पोर शेतावर. वरचे साहेब लिहितात, निकाल का घसरला याचा खुलासा पाठवा. राहता राहिले ते पोर. त्याला कुणी काही विचारीत नाही. वर्ष मात्र त्याचे जाते.

श्रोतेहो, हे भांडण आपल्याच गावचे आहे असे समजू नका. जगातल्या मोठ्या, श्रीमंत शहरांतही गरीब वस्तीतल्या शाळांवरून ते दीडशे वर्षे चालू आहे. आज त्याच भांडणाचा इतिहास थोडक्यात पाहू. आधी इंग्लंडात जाऊ, मग अमेरिकेत.

इंग्लंडात १८६२ साली सरकारने शाळांच्या अनुदानाचा एक नवा नियम केला. तो रॉबर्ट लो या मंत्र्याने आणला. नियम सरळ व्यापारी होता. सहा वर्षांवरचे जे मूल वर्षात दोनशेहून अधिक वेळा शाळेत हजर राहील, त्याच्यापोटी शाळेला आठ शिलिंग मिळायचे. पण इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन आणि गणित अशी तीन विषयांत परीक्षा घेणार. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. तिन्ही विषय गेले की आठही शिलिंग गेले. लोसाहेबांनी पार्लमेंटात सांगितले की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर कामाची ठरेल, आणि कामाची ठरली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल. स्वस्त ती पडलीच. १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले अनुदान १८६५ साली सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले.

आणि शिक्षण? मास्तरांचा पगार या अनुदानावर अवलंबून. मग मास्तर काय करणार? मॅथ्यू आर्नल्ड हा नामांकित कवी तेव्हा शाळांचा इन्स्पेक्टर होता. त्याने आपल्या अहवालात स्पष्टच लिहिले की पोरांना खरोखर वाचता येत नसतानाही वाचनात पास करता येते. युक्ती सोपी होती. वर्षभर एकच पुस्तक घोकून घ्यायचे. पोर पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणून दाखवी, आणि शाळेच्या खात्यात पैसे जमा होत.

पुढे लंडनच्या गरीब वस्त्यांत सरकारी बोर्डाच्या शाळा निघाल्या. तिथल्या पोरांवर अभ्यासाचा ताण फार पडतो अशी ओरड झाली, तेव्हा १८८४ साली जेम्स क्रायटन ब्राऊन या डॉक्टरने काही शाळा पाहून अहवाल दिला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ही पोरे उपाशीपोटी वर्गात बसतात; यांना आधी भाकरी हवी, मग धडा. शिक्षणखात्याच्या इन्स्पेक्टराने त्याचे म्हणणे लेखी खोडून काढायचा यत्न केला. खात्याला डोकी मोजायची सवय. पोटाचा रकाना वहीत नव्हताच. निकालावर पैसे देण्याची ही पद्धत हळूहळू सैल होत १८९७ पर्यंत मोडीत निघाली. भुकेल्या पोरांना शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली ती १९०६ च्या कायद्याने.

हीच पद्धत इंग्रजांबरोबर आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात तिचा उल्लेख आहे. ज्या गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, त्यांच्यात ही निकालावरच्या अनुदानाची रीत चालायची नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचे कारण व्यवहाराचे होते. अशा वस्तीत शाळा काढून कुणाही मास्तराचे पोट भरणार नाही, मग तो तिथे जाईल कशाला? त्याच निवेदनात त्यांनी असेही बजावले की सरकारचा महसूल बहुतेक रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या शिक्षणावर मात्र फारच थोडे परत जाते. बाकीचे लोक मूल पास की नापास हे पाहत होते, तेव्हा जोतीरावांनी पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारले.

आता अमेरिकेत जाऊ. काळही जवळजवळ शंभर वर्षांनी पुढचा. तिथल्या शहरांत काळ्या लोकांच्या वस्त्यांतली मुले शाळेत मागे पडत होती. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागाचा अभ्यास केलेले केनेथ क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ १९६५ साली म्हणाले, ही मुले शिकत नाहीत कारण त्यांना कुणी मन लावून शिकवीतच नाही. ‘यांच्याकडून काही व्हायचे नाही’ असे शिक्षकाने आधीच ठरवले, की तसेच होते. गुरुजनहो, हा आरोप झोंबणारा आहे, पण तो नुसता झटकून टाकण्याजोगा नाही.

लगेच पुढच्या वर्षी, १९६६ साली, जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाचा सरकारी अहवाल आला. सुमारे सहा लाख मुले आणि चार हजार शाळा त्यात तपासल्या होत्या. शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरची परिस्थिती मुलाच्या यशाशी अधिक निगडित आहे, असे त्यात निघाले. झाले! दोष घराचा, शाळा काय करणार, असे म्हणायला अनेकांना आधार मिळाला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. शाळा चांगली की वाईट याचा परिणाम वंचित घरातल्या मुलावर अधिक होतो. घरी आधार असलेले मूल वाईट शाळेतही तगून जाते. ज्याला तो नाही, त्याचे सारे शाळेवर. हा अर्धा भाग लोकांनी फारसा लक्षात ठेवला नाही.

आता पैशाचे पाहा. टेक्सास राज्यात सान अँटोनिओ शहर आहे. तिथे एजवूड नावाच्या गरीब भागातल्या पालकांनी १९६८ साली दावा लावला. तिकडे शाळांचा बराच पैसा त्या त्या भागातल्या घरजमिनीवरच्या करातून येई. एजवूडचे लोक शंभर डॉलरांच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट या दराने कर भरीत; शेजारच्या सधन अलामो हाइट्सचे लोक भरीत ८५ सेंट. म्हणजे गरिबाचा कर जास्त. तरी त्यातून एजवूडला दर मुलामागे मिळत २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३! कारण उघड आहे. झोपड्यांवर कितीही कर बसवला तरी तो बंगल्यांच्या बरोबरीला कसा येणार? सरकारी मदत धरूनही एजवूडच्या मुलामागे ३५६ डॉलर होत, तर अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४. हा दावा थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७३ साली पालक हरले. पाच न्यायाधीश एकीकडे, चार दुसरीकडे. सुधारणा करायला हवी, पण ते काम विधिमंडळांचे, असे कोर्टाचे म्हणणे पडले.

पैशाचा प्रश्न असा बाजूला राहिला आणि गाडी पुन्हा निकालावर आली. २००२ च्या जानेवारीत अमेरिकेत कायदा झाला, की २०१४ पर्यंत एकूण एक मूल वाचन आणि गणितात तयार झाले पाहिजे; शाळा मागे पडत राहिली तर तिच्यावर कारवाई. हेतू वाईट नव्हता. गरीब मुलांचे निकाल वेगळे काढून दाखवणे भाग पडले, त्यामुळे त्यांचे मागे पडणे झाकता येईना, हेही खरे. पण अटलांटा शहरात काय झाले ऐका. २०११ साली राज्य सरकारच्या चौकशीत ५६ पैकी ४४ शाळांत उत्तरपत्रिकांची फसवणूक आढळली. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावे आली. चुकीची उत्तरे खोडून बरोबर करणारे हात मुलांचे नव्हते, मोठ्यांचे होते. २०१५ साली ११ जण कोर्टात दोषी ठरले. त्यांनी पाप केले यात शंका नाही. कागदावर पास झालेल्या पोराला जी जादा शिकवणी मिळायची, तीही त्या खोट्या गुणांनी गेली. पण लोसाहेबांच्या काळातले घोकलेले पुस्तक आणि अटलांटाची ही खोडलेली उत्तरे यांत दीडशे वर्षांचे अंतर असूनही मूळ एकच दिसते. शिकवायला काय दिले हे न विचारता निकाल तेवढा मागितला.

मग दोष कुणाचा? माझ्या मते या साऱ्या हकिकतींतून निघते ते इतकेच: ज्याच्या हाती जेवढे आहे, तेवढ्याचा जाब त्याने द्यावा. ‘यांना येणार नाही’ असे मनात धरणाऱ्या शिक्षकाने त्याचा जाब द्यावा. मुलाला शाळेत धाडणे जमत असूनही न धाडणाऱ्या आईबापाने त्याचा द्यावा. आणि पैसा, जागा, शिक्षक, जेवण हे ज्यांच्या सहीने येते, त्यांनीही जाब दिलाच पाहिजे. आजवर बहुतेक वेळा चौकशी मांडणारे हेच होते, म्हणून चौकशीत त्यांचे नाव आले नाही.

आपल्याकडे शिक्षणहक्काच्या कायद्यात २०१९ साली बदल होऊन पाचवीत आणि आठवीत परीक्षा घेण्याची, आणि फेरपरीक्षेतही नापास झालेल्या मुलाला मागे ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. म्हणजे हा प्रश्न आता तुमच्या वर्गात येऊन बसला आहे. तेव्हा असे करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नापासांची यादी निघेल, त्या वेळी दर नावापुढे लिहून काढा: मूल किती दिवस आले, न येण्याचे कारण काय, त्याच्या वर्गाला वर्षभर शिक्षक होता की नाही, आणि ते मागे पडते आहे हे ध्यानात आल्यावर त्याच्यासाठी कुणी काय केले. यादी मग वर पाठवा. एकट्या मुलाच्या नावाची पाठवू नका.