कल्याण-भिवंडी आणि बाळंतिणीचा ताप

उल्हास खाडीच्या अल्याड-पल्याड वसलेल्या कल्याण-भिवंडीच्या टापूत, उर्वरित कोकणाप्रमाणेच, एकोणिसाव्या शतकात बाळंतपण घरीच, सुईणीच्या किंवा मोमीन विणकरांच्या घरांत दाईच्या हातून होत असे. आणि प्रसूतीनंतर दोन-चार दिवसांनी हुडहुडी भरून येणारा सूतिकाज्वर, म्हणजे गर्भाशयाच्या ओल्या जखमेत जंतू शिरल्याने चढणारा ताप, बाळंतिणीच्या जिवावरच बेतत असे. अंधाऱ्या खोलीत बाजेखाली शेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी असे, त्यामागे मायाच होती. परंतु सोयर, म्हणजे जन्मामुळे मानलेला विटाळ, फिटल्यावर खोलीतले कापड टाकूनच द्यायचे असल्याने ते आधीपासून जुनेर निवडले जाई, आणि जिथे घरातले सर्वांत स्वच्छ वस्त्र हवे तिथे नेमके सर्वांत मळके पटकूर पोहोचे. प्रसूतीसमयी जवळ राहणाऱ्या स्त्रिया प्रौढ, कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. ग्रंथातली ती नखे सुईणीच्या हातापर्यंत आली असती तर किती माता वाचल्या असत्या, हा प्रश्न मनातून जात नाही.

1847 साली एडिंबरोत डॉ. सिम्पसन यांनी प्रसूतिवेदनांवर आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले, तर त्याच वर्षी व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावून सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. पैकी वेदनेवरचा उपाय लवकर रुजला, हात धुण्याला मात्र डॉक्टरांनीच दीर्घकाळ विरोध केला. कल्याणच्या जोशी घराण्यात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाईंचे पहिले मूल, त्या चौदा वर्षांच्या असताना, दहाच दिवसांत दगावले, आणि 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडला तो विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. आनंदीबाई मात्र 1887 च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. सूतिकाज्वरावर खरे औषध मिळाले ते 1930 च्या दशकात, सल्फा औषधांच्या रूपाने.

वेदनेवरच्या उपायांत पुढे एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत बारीक नळीने बधिरीकरणाचे औषध सोडून कळा सुसह्य करण्याची पद्धत, रूढ झाली, आणि 1989 साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका अभ्यासाने दाखवले की ती घेतलेल्या मातांचे तापमान काही तासांत चढू लागते. हा ताप बहुतेकदा जंतूंचा नसून जंतुविरहित दाहाचा असतो, असे आज मानले जाते. तरीही तापमापीचा पारा 38 अंशांवर गेला की तो कोणता ताप, हे खाटेपाशी उभे राहून सांगता येत नाही; म्हणून मातेला प्रतिजैविके सुरू होतात, आणि बाळाच्या टाचेतून किंवा हातातून रक्त काढले जाते. त्या बाळासाठी आणि पहिल्यांदा त्याला कुशीत घेऊ पाहणाऱ्या आईसाठी हे कठोरच आहे, परंतु सूतिकाज्वराने ज्या भागातली घरे रिकामी केली, तिथे या सावधगिरीला अतिरेक म्हणणे योग्य नाही.