खरोलिकेची पणती

१९५८ साली स्थापन झालेली आय. आय. टी. पुढे पवईच्या तळ्याकाठी आली. १९६९ साली तिथे औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले आणि यंत्रविद्येच्या शेजारी चित्रकलेलाही जागा मिळाली. तिथे शिकलेला माझा एक विद्यार्थी जवळच राहतो. गेल्या दिवाळीत त्याने मला फराळाला बोलाविले आणि आपला उद्योग दाखविला.

संगणकाच्या पडद्यावर लहान लहान चौकटी होत्या आणि एकीतून दुसरीत तारा गेल्या होत्या. पहिल्या चौकटीत कॅमेऱ्याचे चित्र येते, दुसरी त्यातून माणूस वेगळा काढते, तिसरी रंग चढविते. असे गाळत गाळत चित्र समोरच्या भिंतीवर पडते. त्याने हात हलविला आणि भिंतीवरच्या त्याच्या बोटांतून धूर निघाला. अगदी उदबत्तीचा!

"सर, हा आधी काढून ठेवलेला धूर नाही. आत्ता, तुमच्यासमोर तयार होतोय."

युक्ती साधी होती. उमटलेले चित्र तारेने पुन्हा मागे आणायचे, किंचित वर सरकवायचे, किंचित पुसट करायचे, थोडे ढवळायचे आणि नव्या चित्रात मिसळायचे. सेकंदाला ६० वेळा. तेवढ्या वेळात काम उरकले नाही की धूर अडखळतो आणि माया उघडी पडते.

मला एकदम कल्याण आठवले. १८९२ साली तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मुलांना हाताशी धरून 'शांबरिक खरोलिका' मांडली. शंबर हा मायावी असुर. त्याच्या नावाचा हा मायेचा कंदील! एकाच पात्राच्या निरनिराळ्या ढबी काचांवर हाताने रंगवायच्या आणि कंदिलापुढे त्या झरझर बदलायच्या, की रामायणातली पात्रे हलू लागत. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे चार वर्षांनंतर.

पुढे दादासाहेब फाळक्यांनी चमत्कार फितीवर उतरविले. त्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'मधला कृष्ण, म्हणजे त्यांची कन्या मंदाकिनी, आजही आपल्याला दिसते. फितीने चमत्कार टिकविला. पण प्रेक्षकांसमोर तो घडविणारा हात मात्र पडद्याआडून गेला. टाळ्या पडोत वा न पडोत, फीत आपल्याच चालीने चालते. पवईच्या त्या खोलीत तो हात मला पुन्हा भेटला.

"हे सारे जपून ठेवतोस ना रे?" मी विचारले.

"चौकटी ठेवतो, सर. धूर कसा ठेवणार?"

पटवर्धनांच्याही काही काचा उरल्या आहेत; त्या फिरविणारी बोटे आणि तो खेळ उरला नाही. समोर घडणाऱ्या कलेचे हेच भाग्य आणि हेच दुःख.

त्याने यंत्र बंद केले. भिंत कोरी झाली. बाहेर उंबऱ्यावर त्याच्या आईने पणती लावली होती. मराठीत पणती म्हणजे दिवा, आणि नातवंडाची लेकही. कल्याणच्या त्या कंदिलाची पणती मी नुकतीच पाहून आलो होतो.