आपल्या मैदानाची जन्मकथा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात पाककृती आणि अभंगांबरोबर थोडा इतिहासही असावा असे चिटणीसबाईंनी सुचविले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. राजेरजवाड्यांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. आपण रोज ज्याच्या कडेने भाजीची पिशवी घेऊन जातो, त्या शिवाजी पार्कचा इतिहास मात्र आपल्यासारखीनेही सांगायला हरकत नसावी.

ही गोष्ट सुरू होते एका रोगापासून. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. त्या वेळी मुंबईची वस्ती दक्षिणेकडे दाटलेली होती. एका खोलीत दहा-दहा माणसे, खिडकी नाही, उजेड नाही, मोरीचे पाणी दाराशीच तुंबलेले. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट उमगले नव्हते. पण जिथे हवा नाही आणि घाण आहे, तिथे माणसे अधिक मरतात, एवढे सर्वांना दिसत होते. म्हणून १८९८ साली कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावयाचे आणि उत्तरेकडे मोकळ्या जागी नवी वस्ती वसवावयाची, हे तिचे काम.

यात सगळेच गोड होते असे नाही. रस्त्यांसाठी गरिबांची घरे पडली, आणि जेवढी पडली तेवढी काही त्यांना लगेच बांधून मिळाली नाहीत. आपल्या वाट्याला आलेल्या मोकळ्या हवेची किंमत कोणीतरी दुसऱ्याने मोजली आहे, हे आपण विसरू नये.

दादर, माटुंगा, माहीम हा भाग त्या काळी शेते आणि नारळीच्या वाड्यांचा होता. इथे आधी आखणी झाली आणि मग घरे आली. गृहिणीला यातले मर्म लगेच कळेल. भांडी आणून मग फळी शोधणे वेगळे, आणि आधी फळी ठोकून मग भांडी आणणे वेगळे. आखणीतच मोकळ्या जागा राखून ठेवल्या, म्हणून माटुंग्याला पाच बागा झाल्या आणि आपल्याकडे हे विस्तीर्ण मैदान झाले. १९२५ साली महापालिकेने ते लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याचे नाव होते माहीम पार्क. इमारती भोवती उभ्या राहिल्या त्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत.

आता नावाची कथा ऐका, कारण ती आपल्यापैकीच एका बाईची आहे. १९२७ साली शिवछत्रपतींच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. (महाराजांचे जन्मवर्ष तेव्हा १६२७ धरीत. आता सरकारने १६३० सालची १९ फेब्रुवारी ही तारीख मानली आहे.) त्या निमित्ताने या मैदानाला महाराजांचे नाव द्यावे असा आग्रह महापालिकेत धरला तो अवंतिकाबाई गोखले यांनी. अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूरचा. लग्न लहानपणीच झाले, आणि लिहिणे-वाचणे त्या सासरी येऊन पतीपाशी शिकल्या. पुढे १९१७ साली त्या गांधीजींबरोबर चंपारण्यात गेल्या. १९१८ साली त्यांनी गांधीजींचे चरित्र मराठीत लिहिले आणि त्याच साली मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला. महापालिकेत ज्या पहिल्या काही स्त्रिया बसल्या, त्यांत त्या होत्या. आपले मंडळ ज्या वाटेने चालले आहे, ती वाट अशा बायांनी पाडली आहे. मैदानाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण ते मागून घेणाऱ्या बाईचे नाव किती जणींना ठाऊक असेल?

मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. मधली जागा मोकळी, भोवती बसका कट्टा आणि त्याच्या आतून चालण्याची वाट. ही फेरी जवळजवळ १२०० मीटर भरते, म्हणजे चार फेऱ्या केल्या की साडेचार किलोमीटरांच्या वर चालणे सहज होते. या आखणीतली शहाणीव मला कट्ट्यात दिसते. उंच भिंत घातली असती तर आतले बाहेरून दिसले नसते, आणि संध्याकाळी एकटीदुकटी बाई आत जायला कचरली असती. कट्टा बसका आहे, म्हणून चहूकडून नजर राहते. म्हाताऱ्यांना टेकता येते, आणि पोर मैदानात खेळत असता आईला तिथे घटकाभर बसता येते. आमच्या सासूबाई म्हणत, ‘घरात सासू, बाहेर रस्ता, बाईला बसायला हक्काची जागा म्हणजे हा कट्टा.’

मैदानाने काय पाहिले नाही? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत इथे आचार्य अत्र्यांची वाणी गर्जली. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकरांवर जवळच्याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर सहा डिसेंबरला गावोगावचे लोक येतात आणि त्यांच्या निवाऱ्याची सोय याच मैदानावर होते. १९६६ साली महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच मुले घडविली, त्यांतला एक सचिन तेंडुलकर. समर्थ व्यायाम मंदिरात मुलीही दोरीच्या मल्लखांबावर मुलांच्या बरोबरीने चढतात. २०२२ साली लतादीदींना निरोप दिला तोही याच मातीवर.

मोठी जागा म्हटली की मागणारेही पुष्कळ. सभा, समारंभ आणि कर्ण्यांचा आवाज इतका वाढला की रहिवाशांना न्यायालयात जावे लागले, आणि मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरविला. दुसरा त्रास धुळीचा. वाळत घातलेले कपडे आणि गॅलरीतले पापड लाल होतात, हे मी वेगळे सांगायला नको. दम्याच्या माणसाला तर खिडकी लावूनच बसावे लागते. ज्या हवेसाठी मैदान राखले, त्याच मैदानाने हवा बिघडावी हे बरे नव्हे. यावर रहिवाशांनी पाठपुरावा केला. २०२१ च्या सुमारास पालिकेने पावसाचे पाणी जमिनीत मुरवून तेच मैदानावर शिंपडण्याचे काम हाती घेतले. असे काम एकदा करून भागत नाही. माठ एकदा भरला म्हणून उन्हाळा सरत नाही, तो रोज भरावा लागतो.

भगिनींनो, बाग किंवा मैदान एकदा आखले की आपोआप टिकते असे नाही. १९२५ साली ज्यांनी जागा मोकळी सोडली, त्यांना तिथे इमारती उठवून पैसा करता आला असता. त्यांनी तो मोह टाळला म्हणून आपली मुले खेळली. आज शहरात हाताएवढी जागाही कोणी सोडीत नाही. तेव्हा मैदानाविषयी काही नवे ठरते आहे असे कानावर आले, तर ते पुरुषांचे काम म्हणून आपण गप्प राहू नये. पालिकेला पत्र धाडायचे असेल तर खाली आपल्या सह्या असाव्यात. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, संध्याकाळी पुरेसे दिवे आणि धुळीवर नियमित पाणी, या तीन गोष्टी आपण मंडळाच्या नावाने मागू या. अवंतिकाबाईंनी एकटीने नाव मागून घेतले. आपण तर साऱ्याजणी मिळून मागणार आहोत.

मंडळाला दीर्घायुष्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.