एक रोग, निरनिराळे उपचार



समान कामाला समान दाम, हे मागणे आम्ही कामगार चळवळीतली माणसे जन्मभर करीत आलो. म्हणूनच भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतील कामगार जेव्हा विचारतात, "दोघींना स्तनाचाच कर्करोग, मग एकीला साध्या गोळ्या आणि दुसरीला महागडी इंजेक्शने, हा भेदभाव का?" तेव्हा तो प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

एके काळी खरोखरच सर्वांना एकच उपचार होता. अमेरिकेतील शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढीत. रोगाची गाठ लहान असो की मोठी, पुढे कित्येक दशके बहुतेकींच्या वाट्याला तेच आले. १९४१ मध्ये आपल्या गिरणगावात, परळला, टाटा रुग्णालय उघडले, तेव्हाही जगाचा शिरस्ता हाच होता. मात्र तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली प्रयोगशाळाही उभी राहिली. पुढची सारी प्रगती अशा प्रयोगशाळांतूनच व्हायची होती.

शंकेचे बीज आधीच पडले होते. १८९६ मध्ये ग्लासगोचे बीट्सन यांनी दाखविले की, बीजकोश काढल्यावर स्तनाचा कर्करोग ओसरू शकतो. पण हा गुण सुमारे तिघींपैकी एकीलाच येई. असे का, हे कळायला साठ-सत्तर वर्षे लागली. शिकागोचे जेन्सन यांच्या संशोधनातून उलगडा झाला: काही गाठींच्या पेशी इस्ट्रोजेन हा स्त्रीच्या शरीरातील रस धरून ठेवतात व त्यावर पोसतात, काही तसे करीत नाहीत. पहिल्या जातीला टॅमॉक्सिफेनची गोळी लागू पडते, दुसरीला ती व्यर्थ. काही गाठींत हर-टू नावाचे प्रथिन अतोनात असते. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रियाही बदलली. लहान गाठ तेवढीच काढून किरणोपचार दिले, तरी स्त्री तितकीच जगते, हे १९८५ मध्ये फिशर यांच्या प्रयोगाने सिद्ध केले.

तेव्हा मित्रहो, उपचार वेगळा असणे हा अन्याय नव्हे. ती पारख आहे. अन्याय होतो तो निराळ्याच जागी: गाठीचा तुकडा तपासलाच जात नाही तेथे, आणि तपासून योग्य औषध कळले तरी ते परवडत नाही तेथे.

यावरही उपाय निघू लागले आहेत. ट्रास्टुझुमॅबच्या स्वदेशी औषधाला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. २०१२ मध्ये टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील कर्करोग रुग्णालयांची एक साखळी उभी राहिली. तिच्यातील २३ रुग्णालयांनी ४० औषधांचा भाव कंपन्यांशी एकत्र बसून ठरविला आणि तो बराच खाली आणला. यालाच आम्ही सामुदायिक सौदा म्हणतो.

म्हणून रिपोर्ट हाती आला की विचारा: इस्ट्रोजेनची तपासणी झाली काय? हर-टूची झाली काय? औषध ज्याचे त्याला वेगळे असो. तपासणीचा हक्क मात्र प्रत्येकीला सारखाच हवा, आणि तो मागायचा तो सर्वांनी मिळून.